मागच्या चाकाचं माप

वैभवने स्कूटरची चावी आपल्या ऑफिसच्या बॅगेत टाकली, चेन ओढली आणि म्हणाला, "आई, आता बस झालं. आजपासून तू गाडी चालवायची नाहीस."

जाईबाई नवऱ्याच्या कोपरावरची माती ओल्या फडक्याने पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. उत्तर दिलं ते गुणाजींनी, खाटेवर बसल्या बसल्या. "पडलंय मिया, खरचाटला माका, आणि तुका बस झाला म्हणता हो!"

"बाबा, तुम्ही मध्ये बोलू नका. आज कोपरावर निभावलं. उद्या मागून बस आली असती तर?"

सोमवारची संध्याकाळ होती. जाईबाई नेहमीप्रमाणे गुणाजींना मागे बसवून लालबागहून दादरला निघाल्या होत्या. हिंदमाताच्या अलीकडे एका खड्ड्यात मागचं चाक गेलं आणि गाडी डावीकडे कलंडली. वेग बैलगाडीचाच होता, म्हणून थोडक्यात भागलं. पण चार माणसं धावत आली, त्यातलाच एक जण चाळीपर्यंत सोडायला आला आणि जिन्यात वैभव भेटताच म्हणाला, "मावशींचा तोल गेला हो." झालं. त्या एका वाक्यावर चावी बॅगेत गेली.

तोल गेला नव्हता. हे जाईबाईंना जितकं ठाऊक होतं तितकं त्यांना स्वतःचं नावही ठाऊक नसेल. हँडल घट्ट हातात होतं, ब्रेकवर नुसती बोटं टेकली होती. मागून कुणीतरी पदर धरून ओढावा तशी गाडी एकदम ओढली गेली आणि चाक जागच्या जागी अडलं. पण हे सांगायचं कुणाला? एकसष्ट वर्षांची बाई, पाठीमागे आंधळा नवरा, आणि गाडी पडलेली. अशा वेळी लोक कारण शोधत नाहीत, वय बघतात.

जाईबाई धुरी मूळच्या कोकणातल्या, आचऱ्याकडच्या. लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या तेव्हा गुणाजी गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते आणि सुट्टीच्या दिवशी भजनात पखवाज वाजवायचे. पुढे गिरणी बंद पडली, पखवाज राहिला. जाईबाईंनी परळच्या महापालिकेच्या शाळेत आयाचं काम धरलं आणि अठ्ठावीस वर्षं केलं. शेकडो पोरांची नाकं पुसली, घंटा दिली, फाटकं उघडली. बाईंचा स्वभाव असा की एकदा हातात घेतलं की पुरं करायचं. मलेरियाने अंग फणफणत असताना त्यांनी सोळा सोमवारांतला एकही मोडला नव्हता. तेराव्या सोमवारी डॉक्टर ओरडले तेव्हा म्हणाल्या, "औषध घेते की. उपास तुमच्या औषधाच्या आड येत नाही, तुम्ही उपासाच्या आड येऊ नका."

आठ वर्षांपूर्वी काचबिंदूने गुणाजींची नजर नेली. नजर गेली तरी हात होते. शिवाजी पार्कजवळच्या एका मठात ते पोरांना पखवाज शिकवायला जात. सोमवार, गुरुवार, शनिवार, संध्याकाळी सहा ते साडेसात. तेवढा दीड तास सोडला तर बाकी सगळा आठवडा त्यांना नुसता जागेवरून जागेवर नेलं जायचं. टॅक्सीत बसवताना ड्रायव्हर काखेत हात घालून उचलायचा. "माका पार्सल केल्यासारख्या वाटता," असं म्हणत एक दिवस गुणाजी घरीच बसले, आणि दुसऱ्या खेपेलाही उठेनात.

तेव्हा जाईबाईंनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. शाळेतल्या सीमाबाईंनी मे महिन्याच्या सुट्टीत शाळेच्याच मैदानावर त्यांना शिकवली. दोनदा पडल्या. लायसन्सच्या परीक्षेत एकदा नापास झाल्या, दुसऱ्यांदा संकष्टीच्या दिवशी गेल्या आणि पास होऊन चंद्रोदयाला मोदक केले. त्याला चार वर्षं झाली. तेव्हापासून गुणाजी मागे बसायचे, उजवा हात बायकोच्या खांद्यावर. मसाल्याच्या दुकानांवरून जाताना "आज मिरची चांगली भाजल्यानी" म्हणायचे, इस्पितळांजवळ फिनेलचा वास आला की परळ आलं हे त्यांना कळायचं, आणि टिळक पूल चढताना वारा तोंडावर आला की खांद्यावरचा हात आपसूक ताल धरायचा. मठाच्या दारात ते स्वतः उतरायचे. कुणी काखेत हात घालायचं नाही.

आता ती चावी वैभवच्या बॅगेत होती. वैभव वाईट मुलगा नव्हता. लोअर परळला विमा कंपनीत होता, दिवसभर अपघातांचे कागद बघायचा. घाबरला होता, इतकंच.

त्या सोमवारी सगळे जेवून उठल्यावर गुणाजी हळूच म्हणाले, "गो, मिया तुका पंधरा दिवस सांगत होतंय. मागच्या चाकात कायतरी घासता हा."

जाईबाईंच्या हातातलं भांडं तसंच राहिलं. खरंच सांगत होते. गिरणीत साठ साच्यांच्या गोंगाटात कुठल्या साच्याचा धागा तुटला ते ओळखणारा कान तो. मागचा टायर नवा बसवला त्याच आठवड्यात ते म्हणाले होते, "खर्र करता." आणि जाईबाई म्हणाल्या होत्या, "नवीन टायर आहे. चपलापण नव्या असल्या की करकरतात." एकट्या भाजीला जायच्या तेव्हा काही आवाज नसायचा, म्हणून त्यांनी तो विषय तिथेच मिटवला होता.

"मग मी बघतेच," त्या म्हणाल्या.

मंगळवारी वैभव ऑफिसला गेला, पूजा आटोपली, आणि जाईबाई रांगोळीचा डबा, चष्मा आणि शिवणाच्या पेटीतली टेप घेऊन खाली उतरल्या. स्कूटर जिन्याखाली उभी होती. टायरच्या अंगावर काहीबाही उठावाची अक्षरं असतात हे त्यांनी पाहिलं होतं, पण काळ्यावर काळं दिसेना. त्यांनी चिमटीत रांगोळी घेतली आणि चाकाच्या कडेवर घासली. उठावाची अक्षरं पांढरीशुभ्र होऊन वर आली.

नळावर सुंदराबाई हंडा भरत होत्या. पलीकडच्याच खोलीत राहणाऱ्या, जाईबाईंच्या लग्नाच्याही आधीपासून चाळीत. त्यांनी हंडा तसाच सोडला. "काय गे जाये! चाकाला रांगोळी? सोमवारी पाडलं म्हणून मंगळवारी त्याची पूजा?"

"पूजा नाही करत, वाचते आहे."

"वाच बाई. पोथीसारखा अध्याय लागला तर मलाही हाक मार."

पुढच्या चाकावर होतं ९०/९०-१२. मागच्या चाकावर १००/९०-१२. जाईबाईंनी दोन्ही आकडे पंचांगाच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेच्या चौकोनात लिहिले. मग टेपने चाकं मोजली, जमिनीपासून सरळ वरपर्यंत, रबरासकट. पुढचं साडेअठरा इंच भरलं. मागचं एकोणीसच्याही जरा पुढे गेलं. बारा कुठेच भरेना. नव्वद तर नाहीच नाही. पण एवढं कळलं की दोन चाकं सारखी नाहीत, आणि गाडी घेतली तेव्हा सारखी होती.

सून पूर्वी त्या दिवशी दुपारच्या पाळीला जाणार होती. तिने फोनवर शोधून सांगितलं, "आई, कुठला टायर लागतो ते कंपनी गाडीवरच चिकटवून देते. पुढच्या खणात आतल्या बाजूला बघा, स्टिकर असेल."

"तिथे तर दत्तगुरू आहेत."

"काय?"

"तीन वर्षांपूर्वी दसऱ्याला लावले मी. तिथे आधी कंपनीचा कसलासा बारीक अक्षरांचा कागद होता. म्हटलं, त्या आकड्यांपेक्षा देव बरा."

पूर्वीने ओठ दाबले, पण हसू बाहेर आलंच. जाईबाई मात्र हसल्या नाहीत. देवाचं चित्र ओरबाडून काढायचं म्हणजे जिवावर आलं. त्यांनी आधी हात जोडले, "महाराज, जरा सरका," म्हणाल्या, मग कडांना खोबरेल लावून अर्धा तास ठेवलं आणि नखाने इंच इंच सोडवत अख्खं चित्र न फाटता उचललं. ते देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवलं. खाली कंपनीचा कागद जसाच्या तसा होता. पुढचा टायर ९०/९०-१२. मागचा टायर ९०/९०-१२. हवा किती, एकट्याने बसलं तर किती, दोघांनी बसलं तर किती, सगळं लिहिलेलं.

म्हणजे मागचा टायर चुकीचा होता. आता वैभवला दाखवायचं, की चावी परत. कुणालाही आनंद झाला असता. जाईबाई मात्र जिन्याच्या पायरीवर बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. कारण तो शंभर तिथे कसा आला हे जगात दोनच माणसांना ठाऊक होतं. एक त्या स्वतः आणि दुसरा चिंचपोकळीचा टायरवाला रामू.

तीन आठवड्यांपूर्वी मागचा टायर गुळगुळीत झाला म्हणून त्या एकट्याच रामूकडे गेल्या होत्या. त्याने आकडा वाचून नव्वदचा काढून समोर ठेवला. त्याच्या शेजारी शंभरचा उभा होता. जाडजूड, दिसायला दणकट. आता जाईबाईंनी जन्मात कधी बेताच्या मापाची वस्तू घेतलेली नाही. वैभवचा शाळेचा गणवेश घेतला तो चार बोटं दुमड घालून, वाढत्या अंगाचा. बूट घेतले ते पुढे कापूस कोंबून. कुकर घेतला तो पाहुणे धरून. चाळीतली सगळीच बिऱ्हाडं अशी खरेदी करत आली, कारण पुन्हा घ्यायला लागू नये. त्या म्हणाल्या होत्या, "मोठा द्या. एवढाले खड्डे आहेत, मागे माणूस बसतो."

रामू म्हणाला होता, "मावशी, बसेल तो, रिम तेच आहे. पण–"

"बसतो ना? मग बसवा."

त्या 'पण'च्या पुढे काय होतं ते त्यांनी ऐकूनच घेतलं नव्हतं. घरी येऊन एवढंच सांगितलं होतं की रामूकडून टायर बदलून आणला.

दुपारी त्यांनी हे सगळं गुणाजींना सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "पखवाजाक दोन तोंडा. डाव्या अंगाक धुमाची पुडी, ता चामडा मोठा; उजव्याक शाईची, ती ल्हान. शाईक जर मोठी पुडी आणलंस तर बांधूची वादी कितीय ताण, ती बोलाची नाय. मोठी हा म्हणान चांगली, असा नसता."

"मला आता नका शिकवू."

"शिकवतंय खय? पोरग्याक कित्याक सांगतंस? गुपचूप टायर बदल. मोठो कोणी दिल्यान, ता तो इचारणार पण नाय."

जाईबाईंना ते पटलं नाही असं नाही. उलट फार पटलं. आधीच म्हणतात वय झालं. त्यात आपणहून सांगायचं की टायरही मीच चुकीचा घेतला, तुमच्या बाबांनी पंधरा दिवस सांगितलं तेही ऐकलं नाही? मग चावी कशाला मिळते! त्यांनी वैभवला काही सांगितलं नाही.

गुरुवारी मठातून शामरावांचा फोन आला. मठाची व्यवस्था ते बघत. "बुवा, पडल्याचं कळलं. घाई करू नका. अजित म्हणून एक तरुण वादक आहे, तो घेतोय वर्ग. चांगला आहे. तुम्ही आरामात बरे व्हा."

"होय होय," म्हणाले गुणाजी आणि फोन ठेवला. सहा वाजले तेव्हा ते खाटेवर सदरा घालून बसले होते. साडेसहाला त्यांनी हाताने चाचपून पोह्यांचा डबा मांडीवर घेतला आणि त्याच्या झाकणावर बोटं टेकवली. वाजवलं नाही. नुसती टेकवली. जाईबाई दिवा लावत होत्या. काडी विझेपर्यंत त्या हाताकडेच बघत राहिल्या, आणि मग दुसरी काडी ओढली.

दिवा लागल्यावर त्यांनी पूर्वीकडून धम्मपालांचा नंबर घेतला.

धम्मपाल वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेले. आयटीआय करून बरीच वर्षं कारखान्यात काढली, आता फक्त विजेच्या गाड्या दुरुस्त करायचे. ही निवड साधी नव्हती, कारण या गाडीच्या मागच्या चाकातच मोटर असते. रामूसारखे एखाद-दोघे सोडले तर साधे पंक्चरवाले तिला हात लावायला बघत नाहीत. जाईबाईंनी फोनवर माप सांगितलं, घासण्याचा आवाज सांगितला आणि म्हणाल्या, "शनिवारी दहाला या. मुलगा घरी असेल. त्याच्यासमोरच बघायचं. आणि येताना नव्वदचा टायर घेऊन या."

"मावशी, गाडी न बघता टायर आणू?"

"वाचला आहे मी. आणा."

शनिवारी धम्मपाल "जय भीम, मावशी" म्हणत फाटकातून आत आले. खांद्यावर टायर, हातात पेटी. खाली अंगणात वैभव हाताची घडी घालून उभा होता. सुंदराबाईंनी पायरीवर बैठक मारली होती, मांडीवर निवडायला मेथी, म्हणजे कुणी उठ म्हणायला नको. गुणाजींना पूर्वीने जिन्यावरून खाली आणलं होतं.

धम्मपालांनी चाकाजवळ उकिडवं बसून आकडे वाचले आणि खिशातून खडू काढून फरशीवर मोठं वर्तुळ आणि त्याच्या आत लहान वर्तुळ काढलं. "मावशी, तुम्ही बारा शोधत होतात ना? हे बघा. बारा इंच म्हणजे हे आतलं. रिम. रबर त्याच्या बाहेर. तुम्ही रबरासकट मोजलंत."

"म्हणजे मी देवाची उंची मखरासकट मोजली."

"बरोब्बर. आता पहिला आकडा. नव्वद म्हणजे टायर नव्वद मिलिमीटर रुंद. मधला नव्वद मिलिमीटर नाही, ते टक्के आहेत. रुंदीच्या नव्वद टक्के उंची. म्हणजे एक्याऐंशी. आता शंभरचे नव्वद टक्के?"

"नव्वद," सुंदराबाई मेथीतून म्हणाल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. "काय बघता? नाक्यावर पंचवीस वर्षं भाजी विकली मी."

"तर रुंद घेतला की तो नुसता रुंद होत नाही, उंचही होतो. नऊ मिलिमीटर वर चढला. वर काय आहे? मडगार्ड." त्यांनी मडगार्ड आणि टायर यांच्या फटीत करंगळी घातली. गेली. "गाडी रिकामी आहे, म्हणून गेली. काका, बसा जरा."

पूर्वीने गुणाजींचा हात सीटवर ठेवला, तसे ते पाय टाकून बसले. जाईबाई पुढे बसल्या. गाडी खाली दबली. धम्मपालांची करंगळी आता शिरेना. त्यांनी वैभवला खूण केली. "साहेब, तुम्ही बघा." वैभव वाकला. मडगार्डच्या आतल्या बाजूला हातभर पट्टा घासून आरशासारखा चकचकीत झाला होता, आणि एका जागी त्याचा तुकडा तुटून खाली वळला होता, थेट चाकाकडे.

"दोन माणसं, त्यात खड्डा," धम्मपाल म्हणाले. "हा तुकडा टायरला चावला आणि चाक धरलं. अशा वेळी मी चालवत असतो तरी पडलो असतो. तुमच्या आईने पाय टेकवले म्हणून गाडी अंगावर आली नाही. त्यांच्या चालवण्यात काही नव्हतं."

गुणाजींनी मागून खांदा दाबला. जाईबाईंना वाटलं, झालं. इथेच थांबावं.

वैभव ताठ उभा राहिला. त्याचा चेहरा लाल झाला होता. "म्हणजे त्या रामूने चुकीचा टायर गळ्यात मारला. म्हातारी बाई बघितली, पडून असलेला माल खपवला. धम्मपालभाऊ, हे सगळं मला लिहून द्या. आत्ता जातो त्याच्याकडे. माझे बाबा मेले असते! त्याचं दुकान नाही बंद केलं तर बघा." आणि तो चपला घालायला वळलासुद्धा.

"वैभवा, थांब," जाईबाई म्हणाल्या.

"नाही आई, अशांना सोडायचं नसतं."

"त्याने नव्वदचाच काढला होता. मी म्हटलं मोठा दे."

सुंदराबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"तो सांगत होता. मी ऐकलं नाही. तुझे बूट घ्यायचे तसा घेतला, एक नंबर मोठा. आणि बाबा पंधरा दिवस सांगत होते घासतंय, तेही नाही ऐकलं. रामूकडे जाऊ नकोस."

"मग सोमवारी का नाही बोललीस?"

"सोमवारी मलाच माहीत नव्हतं. मंगळवारी कळलं. मंगळवारपासून आज सकाळपर्यंत गप्प बसले, ती चूक वेगळी. तीपण माझीच."

वैभव चपला तशाच टाकून परत आला. शेवटी म्हणाला, "म्हणजे शेवटी चूक तुझीच झाली ना? मग मी काय वेगळं म्हणत होतो?"

"तू म्हणत होतास मला चालवता येत नाही." जाईबाई गाडीवरून उतरल्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज शाळेतल्या जिन्यात असायचा तसा, न ओरडता वरपर्यंत जाणारा. "मला टायर घेता आला नाही. चालवता येतं. जे चुकलं त्याचं बोल, जे चुकलं नाही ते माझ्याकडून काढून घेऊ नकोस. टायर आता वाचूनच घेईन. पण बाबांना मठात मीच नेणार."

"बोल की रे," सुंदराबाई म्हणाल्या. "लहानपणी तुझे बूट पायातून निसटून गटारात गेले तेव्हा तिने तुझं चालणं बंद केलं होतं का?"

पूर्वी वळून भिंतीकडे बघायला लागली. तिचे खांदे हलत होते. वैभवलाही हसू आलं असावं, पण त्याने ते दाढीतल्या दाढीत ठेवलं. तो वर गेला. सगळ्यांना वाटलं रुसला. दोन मिनिटांनी खाली आला तेव्हा हातात चावी होती, आणि ती त्याने आईला दिली नाही. धम्मपालांकडे दिली. "बसवा नव्वदचा."

धम्मपालांनी मोटरची वायर सोडवली, चाक उतरवलं, साबणाचं पाणी लावून नवा टायर चढवला. टायरच्या अंगावर एक बाण होता. "हा चाक पुढे फिरतं त्या दिशेला हवा, मावशी." तोही जाईबाईंनी रांगोळी लावून बघितला, आपल्या डोळ्यांनी. मडगार्डचा तुटका भाग काढून नवा लावला. हवा कागदावर लिहिली होती तेवढीच, दोघांची. उतरवलेला शंभरचा टायर धम्मपालांनी घेऊन जायला बाजूला ठेवला. ज्या गाडीला तो लागतो अशी गाडी आली तर घालतो म्हणाले. मग पुन्हा गुणाजींना बसवलं. आता फटीत दोन बोटं सहज गेली.

"काका, आता उतरा," वैभव म्हणाला, आणि जीभ चावली. "म्हणजे बाबा, उतरा. आधी मी बसतो मागे."

"तू?" जाईबाई म्हणाल्या.

"माझं वजन बाबांपेक्षा पंचवीस किलो जास्त आहे. मला घेऊन दादरला जाऊन ये. घासलं नाही तर मग बाबा."

हे अगदी विमा कंपनीचं बोलणं होतं, पण रास्त होतं. जाईबाईंनी धम्मपालांकडून चावी घेतली, हेल्मेट घातलं, पदर खोचला. एकेकाळी ज्याला हाताला धरून रस्ता ओलांडला तो पोरगा आज मागे बसला आणि बसताक्षणी त्याने सीटमागची दांडी दोन्ही हातांनी पकडली.

हिंदमाताच्या अलीकडे तो खड्डा होता तसाच होता. बाजूने जाता आलं असतं. जाईबाईंनी वेग कमी केला, मनात दत्तगुरूंचं नाव घेतलं आणि गाडी सरळ खड्ड्यात घातली.

"आई!"

चाक खाली गेलं आणि वर आलं. गाडी हलली. आवाज मात्र आला नाही.

"ऐकलंस?" जाईबाईंनी मागे न बघता विचारलं.

"काय?"

"तेच. काही नाही ना?"

दादर टी.टी.चा सिग्नल लागला. एक टॅक्सी डावीकडून घुसली, तिला त्यांनी आधीच ओळखून जागा दिली. पुढे बसचा पार्श्वभाग आला, त्याच्यामागे त्या शांतपणे थांबल्या; उजवीकडून मुसंडी मारणाऱ्या चार मोटरसायकलींकडे ढुंकूनही बघितलं नाही. टिळक पुलाच्या चढावर दांडीवरचा एक हात सुटल्याचं त्यांना गाडीच्या हलण्यावरून कळलं. पूल उतरेपर्यंत दुसराही सुटला होता.

मठाच्या दाराशी त्यांनी गाडी उभी केली. शामराव ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते.

"शामराव, आज संध्याकाळी बुवा येतायत. सहाला."

शामरावांनी चष्मा वर केला. "आज अजितला सांगून ठेवलंय हो, जाईबाई. एवढी गडबड कशाला? बुवांना सांभाळून–"

"अजितलाही येऊ दे. बसेल शेजारी. पण वर्ग बुवा घेतील. आजही, सोमवारीही, गुरुवारीही." त्या थांबल्या. "पडलो त्याचं कारण सापडलं. दुरुस्त केलं."

शामरावांनी वैभवकडे पाहिलं, घरातला कर्ता पुरुष काय म्हणतो ते बघावं तसं. वैभवने हेल्मेट काढलं, कपाळ पुसलं. "येतील बाबा," तो म्हणाला. "आई आणेल."

शामरावांनी मान डोलावली आणि पेपरची घडी घातली. जाईबाईंनी दारातूनच आत नमस्कार केला आणि गाडी वळवली. उन्हं चढली होती. वैभव जवळ आला आणि हँडलला हात लावत म्हणाला, "आण, परत जाताना मी चालवतो."

"नाही," जाईबाई म्हणाल्या. "मागे बस. आणि ती दांडी धरू नकोस. खांद्यावर हात ठेव, म्हणजे वळताना मला तू कुठे आहेस ते कळतं."